पोळ्या वाढल्या

अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कुठल्या रॅकवर कुठला बोल्ट आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं, पण निवृत्त झाल्यावर हे ज्ञान कुणालाच नको होतं. त्यामुळे आमच्या कॉलनीतल्या बायकांनी दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात पेशंटांच्या नातेवाइकांना जेवण द्यायचं ठरवलं, तेव्हा मी आधी नाक मुरडलं आणि पंधरा दिवसांत त्याचा कारभारी होऊन बसलो. बायको म्हणाली, "झालं, आता पोळ्यांनाही रॅक लागणार."

पद्धत साधी होती. ज्याच्या त्याच्या घरी कणीक मळली जातेच, ती गुरुवारी थोडी जास्त मळायची. भाजी एका घरी, मोठ्या पातेल्यात. साडेपाचला पहिली फेरी दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचायची. कामावरून उशिरा परतणाऱ्या घरांच्या पोळ्या सहानंतर दुसऱ्या फेरीत जायच्या. तिथे वाढायला समोरच्या इमारतीतल्या वहिनी असायच्या आणि घरी फोन घेऊन मी बसायचो. कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या सूचना निघायच्या, बहुतेक सगळ्या ठळक अक्षरात.

एकच घर यात नव्हतं. तळमजल्यावरचे सायखेड्याचे बागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहायला आलेले. त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "दोन पोळ्या द्यायच्या आन् चार फोटो टाकायचे. आपल्याला नाय जमत." मला राग आला होता, कारण फोटो मीच टाकत असे.

त्या गुरुवारी सहाला वहिनींचा मेसेज आला. "पोळ्या वाढल्या. कुणाला तरी पाठवा."

माझी छाती फुगली. स्टोअरमध्ये माल वाढला म्हणजे शिल्लक पडला, दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी लगेच ग्रुपवर टाकलं, "आज पोळ्या उरल्या आहेत. दुसऱ्या फेरीची गरज नाही. सर्वांचे अभिनंदन." आणि उरलेल्या पोळ्या आणायला दोन रिकाम्या पिशव्या घेऊन स्कूटर काढली.

व्हरांड्यात पोचलो तर रांग जिन्यापर्यंत गेलेली. तीसेक माणसं तरी असतील. वहिनींच्या पुढ्यातला डबा पालथा घातलेला.

"आणल्या का भाऊजी?" त्यांनी विचारलं.

"मी न्यायला आलोय," मी पिशव्या दाखवत म्हणालो.

वहिनी मूळच्या पंचवटीतल्या. त्यांच्या माहेरी घरातलं धान्य, मीठ, कुंकू कधी संपत नाही, ते वाढतं. संपलं म्हणायचं नाही, अन्नाच्या बाबतीत तर नाहीच. आमच्या बौद्ध घरात असलं सोवळं नव्हतं. तांदूळ संपले की आई डबा आपटून सांगायची, संपले. वहिनींनी मला हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि मी त्यांच्यावरच चिडलो. "अहो, दवाखान्यात तरी सरळ बोला!" त्यांचा चेहरा उतरला, आणि चूक माझी असताना मी त्यांच्यावर ओरडलो याची मला आजही लाज वाटते.

रांगेत शेवटी पेठ तालुक्याकडची एक बाई होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "नाय का मंग आता?"

मी म्हणालो, "मावशी, बाहेर काही मिळतं का बघतो."

"सातला वरच्या वार्डाचं दार लावत्यात. मंग सकाळलाच." जिन्याकडे बघत ती म्हणाली, "माझं काय नाय. पोरीचं आप्रेशन झालंय. तिला हितलं ताट भेटतं. पण मी उपाशी दिसले का ती अर्धं मलाच देती. ऐकत नाय. तिनं खायाला पायजे ना."

सव्वासहा वाजले होते. मी तिथेच पायरीवर बसून ग्रुपवर लिहिलं, "माझी चूक झाली. पोळ्या संपल्या आहेत. तीस माणसं रांगेत. सातला दार बंद होतं. जे असेल ते आणा." अक्षरं ठळक करायला वेळ नव्हता.

मग बायकोचा फोन आला. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते तिला कळलं होतं. "तवा ठेवलाय," एवढंच म्हणाली.

पुढची वीस मिनिटं मी गेटकडे बघत उभा होतो. सहा पस्तीसला पहिली स्कूटर आली, तीही ज्या घराला मी 'गरज नाही' म्हणून कळवलं होतं त्याच घरातली. मागोमाग एक शिक्षिका, डब्यात पोळ्या आणि त्यांच्यावर लोणचं. कारखान्यातून नुकताच सुटलेला एक फिटर अंगावरच्या निळ्या कपड्यांनिशी आला, बायकोने दारातच त्याच्या हातात डबा दिला होता. कुणी पोळ्या आणल्या, कुणी पराठे, एका घरून तर नुसता गरम भात आला आणि त्यावर भाजीचा रस्सा घालून तोही गेला. वहिनींचे हात भराभर चालत होते. रांग पुढे सरकत होती आणि मी नुसता झाकणं उघडून देत होतो. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशीही झाला नव्हता.

पण पावणेसातला पुन्हा डबा रिकामा झाला. पाच जण उरले, शेवटी तीच बाई.

तेवढ्यात गेटातून जीप आत आली. सायखेड्याचे बागायतदार उतरले. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी, वाफ अजून निघत होती. बरोबर ठेच्याची वाटी.

"पाव्हण्यांसाठी थापल्या होत्या," ते म्हणाले. "पाव्हणे म्हणले, आदी तिकडं नेऊन द्या, आमी थांबतो. घ्या लवकर. आन् साहेब, फोटो काढाल तर भाकरी माघारी नेईन."

मी फोन खिशात घातला. त्यांनी स्वतःच भाकरी वाटल्या. त्या बाईच्या हातात दोन ठेवून वर ठेचा दिला. तिने त्या पदरात धरल्या आणि जवळजवळ पळतच जिना चढली. सातला शिपायाने वरचं दार लावलं. व्हरांड्यात रांग उरली नव्हती.

मी वहिनींची माफी मागितली. त्या हसल्या आणि पातेलं घासायला माझ्याकडेच सरकवलं. मी नळाखाली ते विसळत होतो तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हाक आली. पेठकडची ती बाई खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "पोरीनं आज तिचं ताट तिनंच खाल्लं."