टेकडी कुठं गेली?

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मोजणीदार रेवणसिद्ध निजामाच्या काळातला नकाशा घेऊन रेणापूरजवळच्या एका गावात आला. नकाशात गावाच्या पूर्वेला टेकडी होती. समोर मात्र मोठा खड्डा होता आणि त्यात निळंशार पाणी साठलं होतं. काठावर सरजाबाई शेळ्या चारत होती.

"मावशी, इथली टेकडी कुठं गेली?"

"ज्या रस्त्यानं तुम्ही आलात साहेब, त्योच ती टेकडी. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बायांनी फोडून अंथरली."

रेवणसिद्ध वळून रस्त्याकडे बघतच राहिला.

सरजाबाई सांगत गेली. नवरा कामाच्या शोधात परगावी गेला होता. ती रोज इथं खडी फोडायची. हाताचे फोड फुटून कातडी टणक झाली. टेकडी संपली तरी खाली दगड निघतच होता. शेवटी खोलात पाझर लागला आणि काम थांबलं. तेव्हापासून गावाची जनावरं इथंच पाणी पितात.

नव्या नकाशात खदानीची हद्द दाखवायची होती. सरजाबाईनं मोजणीच्या साखळीचं एक टोक स्वतः धरलं आणि खदानीला पूर्ण फेरी मारली.

"नाव काय लिहू, मावशी?"

"आम्ही बायांची खदान म्हणतो."

त्यानं पेन्सिलीनं तसंच लिहिलं. "हा नकाशा आता लातूरच्या कचेरीत जाणार."

सरजाबाई खळखळून हसली. "मी कचेरीची पायरी चढले न्हाई, अन् माझी खदान आधी चालली!"

त्या संध्याकाळी रस्त्यानं भेटलेल्या प्रत्येक बाईला तिनं हे थांबवून सांगितलं.