दाराची कडी

गोडदेवच्या आमच्या चाळीत दिवसभर दारं उघडीच असायची. कुणाचं दार लागलेलं दिसलं की शेजारणी विचारायच्या, "काय गं, बरं नाही का?" आमचं दार मात्र भरदिवसा लागायचं. बाबांचा आवाज चढला की आई मला डोळ्यांनी खुणवायची आणि मी दार लोटून, तांदळाच्या डब्यावर चढून कडी घालायचे. मग बाबा आधी तिला मारायचे, नंतर मला. चार लोकांत शोभा नको, एवढंच आईचं म्हणणं. मार तिला चालायचा. हे मी रागानेच लिहितेय.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन खारी गावात आले, म्हणजे माहेरापासून चालत जायच्या अंतरावर. नवऱ्याने पहिल्यांदा हात उगारला तेव्हा मी ओरडले नाही, पळाले नाही. उठले आणि कडी घातली. इतकं ते अंगवळणी पडलेलं. त्याचं आयतंच फावलं. मला वाटायचं, खोट माझ्यातच असणार. नाहीतर बापाचा आणि नवऱ्याचा, दोघांचाही हात माझ्यावरच कसा उठतो?

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. एका रविवारी दुपारी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून नवऱ्याने ताट भिरकावलं आणि आवाज चढवला. माझ्याआधी मुलगी उठली. तिने दार लोटलं, प्लास्टिकचं स्टूल ओढत नेलं, वर चढली आणि कडीकडे हात नेला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने फक्त मला पाहिलं होतं.

मी तिचा हात कडीवरून काढला. तिला उचललं आणि तशीच गॅलरीत आले. शेजारची गुजराती भाभी कपडे वाळत घालत होती. मराठीत जे कधी तोंडातून निघालं नाही, ते हिंदीत निघालं.

"भाभी, ये मारते हैं मुझे."

तिने हातातला टॉवेल बादलीत टाकला. "मालूम है," ती खाली बघत म्हणाली. "तुम्हारा दरवाजा बंद होता है, तो हम टीवी का आवाज बढा देते हैं. बच्चे सुनते हैं ना."

म्हणजे गोडदेवलाही सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं मी कडी घालत होते ती कुणासाठी?

मुलीने माझी मान गच्च धरली होती. "आई, आता दार लावू?"

"नको," मी म्हणाले, आणि तिथेच खाली बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं रडले.