फ्लेक्सवरचा कडक चेहरा

क्लासच्या जाहिरातीसाठी माझा फोटो काढायचं ठरलं आणि जो तो मला शिकवायला लागला. मालक म्हणाले, कोट घाला. बायको म्हणाली, मिशी काढा. फोटोग्राफर म्हणाला, हाताची घडी आणि चेहरा कडक, नाहीतर केमिस्ट्रीचे सर वाटत नाहीत. लातुरात चौकाचौकात असे चेहरे टांगलेत, त्यात आणखी एक.

स्टुडिओत कोटाची बटणं लावत होतो, तेवढ्यात छापलेले फ्लेक्स न्यायला ते टांगणारा माणूस आला. खांद्यावर दोरीचं वेटोळं, दातांत तार. खांब निरखावा तसं त्यानं मला खालून वर पाहिलं.

"सर, जरा हसा की."

आता हाही! मी वैतागून म्हणालो, "तुमचं काय जातंय हो?"

त्यानं तोंडातली तार काढली. "वर्ष सरलं की जुना फ्लेक्स मी घरी नेतो. भूकंपात माळवद अंगावर आलं, तवापासून माय पक्क्या छताखाली झोपत न्हाई. अंगणात तिला फ्लेक्सचं छप्पर केलंय. औंदाचे सर लई डोळे वटारून राहिलेत. माय म्हणती, पडल्या पडल्या ह्याचंच तोंड बघावं लागतं."

एवढं बोलून तो फ्लेक्सची गुंडाळी उचलून गेला. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

"सर, कडक!" फोटोग्राफर ओरडला. मी भुवया आवळल्या, पण अंगणात पडून वर बघणारी ती म्हातारी काही डोळ्यांपुढून हलेना.

मालक अजून कुरकुरतात, "सर, फ्लेक्सवर तुम्ही पोरांना शिकवायला नाही, झोपवायला उभे राहिल्यासारखे दिसता."