उंटावर बसलेला फोटो

मला रोलवर चालणारे जुने कॅमेरे विकत घ्यायचं वेड आहे. घाटकोपरच्या आमच्या घरात कपाटात कॅमेरे असतात आणि कपडे खुर्चीवर. त्यामुळे बोरिवलीच्या एका कॅमेऱ्याची जाहिरात मोबाइलवर दिसली, तेव्हा बायकोला काही न बोलता मी निघालो.

दार एका वयस्कर काकांनी उघडलं. पूर्वी गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. कॅमेरा झकास होता. लेन्स उजेडाकडे धरून पाहिली, बुरशीचा ठिपकाही नाही. मी घेतो म्हणालो, तेवढ्यात काकी स्वयंपाकघरातून आल्या.

"आत रोल आहे. तो संपल्याशिवाय द्यायचा नाही."

मुलगी शाळेत असताना जुहूच्या सहलीत निम्मा रोल संपला होता. उरलेले फोटो चांगल्या प्रसंगासाठी राखून ठेवले. मुलीच्या लग्नाला फोटोग्राफर होता, नातवाच्या बारशापर्यंत मोबाइल आले. अर्धा रोल धुवायला टाकणं काकींना पटेना.

"त्यात हे उंटावर बसलेत," काकी म्हणाल्या.

"बसलो नव्हतो. नुसता हात लावला होता."

"बसले होते. रोल धुतला की कळेल."

हा वाद इतकी वर्षं रोलवर अडून होता.

"मग आज कसला प्रसंग शोधायचा?" मी विचारलं.

"कॅमेरा घरातून चाललाय, हा काय लहान प्रसंग आहे?"

त्यांना दोघांचा कॅमेऱ्यासोबत फोटो हवा होता, आणि तोही याच कॅमेऱ्याने. शेवटी आम्ही कपाटाच्या आरशासमोर गेलो. काकी साडी बदलून आल्या. काकांनी भांग पाडला.

"तू खाली बस रे," काकी म्हणाल्या. "तू आमच्यात नको."

मी उकिडवा बसलो आणि दोघांच्या मधून कॅमेरा डोक्यावर धरून आरशातले फोटो काढू लागलो. पाण्याच्या टाकीचं विचारायला आलेली शेजारीणही रांगेत उभी राहिली. मग ती जाऊन सासूबाईंना घेऊन आली.

एकीकडे माझं लक्ष कॅमेऱ्यावरच्या चकतीकडे होतं. आतली फिल्म पुढे सरकली की ती फिरते. इथे ती ढिम्म होती.

"काका, आत फिल्म सरकत नाहीये."

"सरकेल. जुना आहे, वेळ लागतो. तू काढत राहा."

मी काढत राहिलो. रोल छत्तीस फोटोंचा, पण कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी तो संपेना. सासूबाईंना एकटीचा हवा होता, तोही काढला. मग मात्र काकाच म्हणाले, "उघड बघू."

मागचं झाकण उघडलं. फिल्मचं टोक आत कधी अडकलंच नव्हतं. सगळी फिल्म डबीत गुंडाळलेली, अगदी कोरी. जुहूचाही एक फोटो नाही.

काकी पलंगावर बसल्या. आता त्या रडतात की काय, असं मला वाटलं.

काका पुढे झाले. "बघ. मी उंटावर बसलोय कुठे?"

काकींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "म्हणजे अख्खा रोल शिल्लक आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

"होय तर."

"मग आता कॅमेरा कसा विकायचा?"

काकांना हे लगेच पटलं. इतक्या जुन्या फिल्मवर बहुधा काहीच उमटणार नाही, असं मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "बंद डबीतच होती ना?" शेवटी मीच रोल नीट अडकवून दिला आणि चकती फिरतेय हे दाखवलं. काकींनी घावणे खाऊ घातले. मी रिकाम्या हाताने घरी आलो. बायको म्हणाली, बरं झालं.

गणपतीत काकांचा फोन आला.

"एक काढला रे."

"कोणाचा?"

"आत्ताच कसं सांगू? रोल संपू दे."