मोटरवाला देवजी

देवजी गेला. त्याच्या आधी त्याची भावजय बकुळा गेली, आणि म्हातारी अंबूबाई तर केव्हाच गेली. आता ज्याला ऐकून यातना होतील असं कोणी उरलं नाही, म्हणून सांगतो. तो असता तर त्याने माझा गळा धरला असता.

डहाणू रोडला स्टेशनाजवळ माझं सायकलचं दुकान होतं. देवजी चिखल्याहून यायचा तो ब्रेकची तुटकी तार मागायला. तिचा एक धागा सोडवून तो मोटरच्या कार्बोरेटरच्या बारीक भोकात घालायचा आणि आत अडकलेला कचरा काढायचा. तार फुकट न्यायचा, वर चहाही माझाच प्यायचा. मला त्याचा राग यायचा आणि तो आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं.

ही मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, लढाईच्या आधीची. घोलवडच्या एका वाडीवाल्याने ती भंगारात काढली, आणि देवजी व त्याचा धाकटा भाऊ रतन यांनी ती घरी आणली. साल असेल अठ्ठावन्न-एकोणसाठ. बाकी गाव शिडावर मासे मारायला जायचं. मोटर महा खवट, सकाळी चालली तर दुपारी रुसायची. देवजी प्लग काढून आधी बघायचा. काळा आणि ओला असला तर तेल जास्त झालंय, पांढरट पडला असला तर मोटर तापतेय. दमट हवेने ठिणगी पडेना झाली की तिचा वरचा भाग सोडवून उन्हात वाळवणासारखा मांडायचा. मग पाण्याच्या पिंपात मोटर उभी करून दोरी ओढायची, आणि आवाज एकसारखा लागेपर्यंत पेट्रोलचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. रतनला तेवढा धीर नसायचा. तो होडीशी जाऊन उभा राही.

मोटर थंड राहावी म्हणून ती खालून पाणी ओढते आणि मागच्या भोकातून बाहेर टाकते. ती धार पडत असली की मोटर ठीक. त्या धारेला किनाऱ्यावर एकच शब्द होता. "मुतली काय रे, दादा?" रतन विचारायचा. "मुतली," देवजी सांगायचा, आणि मगच होडी पुढे सरकायची. बायका पदरात तोंड लपवून हसत. त्यांची आई अंबूबाई मात्र चिडायची.

पावसाळाभर मोटर घरात होती. नारळी पुनवेला ती पुन्हा होडीला चढायची होती. आदल्या दिवशी देवजी अंगणात तिला चालू करून बघत होता, मी शेजारी बसलो होतो. अंबूबाई दारातून म्हणाली, "उद्या दर्याला नारळ देणार, आणि त्याच्याच तोंडावर ही मुतणार? लाजा वाटतात काय तुम्हांला?"

"मग बांध तिला लंगोट, आये," देवजी म्हणाला.

आम्ही पोट धरून हसलो. म्हातारी हसली नाही. पाणी का पडतं आणि ते थांबलं तर काय होईल, हे एवढ्या दिवसांत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी तो मोटरचा वाह्यातपणा होता.

दुसऱ्या दिवशी मोटरला हळदकुंकू झालं, झेंडूची माळ पडली, नारळ दर्यात गेला. रतनने दोरी ओढली आणि दोन गडी घेऊन निघाला. त्या दिवशी निघताना मागे वळून बघायचं नाही, लाटा फुटतात ती जागा पार होईपर्यंत, असं त्यांच्यात होतं. रतनने पाहिलं नाही. रोजचा प्रश्नही त्याने विचारला नाही; पूजेच्या दिवशी तसला शब्द तोंडातून कसा काढणार? वाळूवर ताशे वाजत होते. मोटरचा आवाज जड झाला तो देवजीला ऐकू आला नाही. ती बंद पडली, तेव्हाच तो चमकला.

नेमक्या फुटत्या लाटांत मोटर बंद पडली. होडी आडवी झाली आणि उलटली. दोन्ही गडी पोहत आले. रतन होडीखाली सापडला.

पुढे काही दिवसांनी देवजीने माझ्याकडे मोठा पाना मागितला. तो घेऊन मीच चिखल्याला गेलो. अंगणात आम्ही मोटर उघडली. पिस्टन सिलिंडरला घट्ट चिकटलेला, तापून जाम झालेला. मग देवजीने मागच्या भोकात तार घातली. तार आत जाईना. त्याने नखाने ओढून काढला तो लुगड्याच्या हिरव्या काठाचा बोळा होता. हळदीने पिवळा, आत अक्षतांचे दाणे. असा काठ त्या घरात एकीच्याच लुगड्याला होता.

तेवढ्यात अंबूबाई बाहेर आली. मागे रतनची बायको बकुळा, कपाळ पुसलेली.

"काय झाला होता रे तिला?" म्हातारीने विचारलं.

देवजीने मूठ मिटली. "माझाच हात चुकला, आये. पिस्टन मी नीट बसवला नाही."

मी तोंड उघडलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प बसलो. म्हातारीने अंगणातली माती उचलून त्याच्या अंगावर फेकली. "तूच मारलास माझ्या रतनला," असं ओरडत ती खाली बसली, आणि बकुळाने तिला कुशीत घेतलं.

त्यानंतर गावात मोटरी वाढल्या, पण देवजीच्या हाती कोणी मोटर देईना. तो माझ्या दुकानात पंक्चर काढायला लागला. मी त्याला किती वेळा शिव्या घातल्या! म्हटलं, म्हातारीला सांगू नको, पण गावाला तरी सांग. तो म्हणायचा, "लंगोट बांध म्हणून मीच बोललो ना?" असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं! एवढा चांगुलपणा मला तेव्हाही सोसला नाही, आजही सोसत नाही.

अंबूबाई पुढे बकुळाकडेच राहिली. देवजीशी एक शब्द बोलली नाही. सहासष्टच्या सुमारास ती अंथरुणाला खिळली. शेवटी तिने पाणी मागितलं, देवजी भांडं घेऊन वाकला, तर तिने ओठ मिटून घेतले. बकुळाने तेच भांडं घेतलं, तेव्हा प्यायली.

म्हातारीला पोचवून आम्ही किनाऱ्याने परतत होतो. माझा संताप आवरेना. म्हटलं, "आता तरी बकुळाला खरं सांग. जन्मभर ती तुला नवऱ्याचा मारेकरी समजणार!"



"धोंडू, सात वर्षं तिने माझ्या आईला हातानं भरवलं," तो म्हणाला. "कोणाला भरवत होती, हे आता तिला मी सांगू?"