खैऱ्या हौदावर गेला ती दुपार

भूत-बित, आत्मा-बित... आपला नाही विश्वास. धुळ्यात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आवाज आला म्हणजे काहीतरी सैल झालंय, एवढंच मला कळतं. भगताकडे जाणाऱ्यांची मीच टर उडवतो. आता उडवा माझी.

गाव आमचं शिंदखेड्याजवळ. मागच्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, वारले. पावसाळा सरला आणि त्यांचा बैल खैऱ्या बिघडला. एकाच बाजूला गोल गोल फिरायचा, नाहीतर भिंतीला डोकं टेकवून उभा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मेंदू झिजत चाललाय. नजर गेलीये. उपाय नाही... पाणी पीत राहिला तर निदान हाल कमी होतील."

पण तो पाणीच पिईना. बैल पाण्यावर आला की शीळ घालायची, ही आमच्याकडची रीत. मी गावी येऊन गाल दुखेपर्यंत घातली. बादली तोंडाशी नेली तर मान फिरवून घ्यायचा.

माय म्हणाली, "त्याले तुना आबानी शिट्टीनी सवय शे. तुना हातन पेवाव नही तो."

आबांचा समोरचा दात पडलेला, त्यामुळे त्यांच्या शिळेच्या शेवटी नुसती हवा निघायची. मला ती नक्कल कधीच जमली नाही.

एका दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. गरगर फिरता फिरता खैऱ्या थांबला. कान टवकारले. आणि तो आंधळा बैल — बैलगाडी आणि निंबाच्या मधून, कुठेही न धडकता, सरळ हौदावर गेला. प्यायला. मान वर करून थांबला, पुन्हा प्यायला... आबा शीळ घालताना मधे दम घ्यायला थांबायचे ना, अगदी तसा.

माय पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "तू वाजाडी का रे शिट्टी?"

"नही माय."

ती हौदाकडे बघत राहिली. "शेवटाले हवा गयी रे..." एवढंच म्हणाली आणि दारातच खाली बसली.

मी श्वास रोखून ऐकत होतो. निंबावर होले घुमत होते, दुसरं काही नाही.

खैऱ्या त्याच आठवड्यात गेला. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात जनावर कधीतरी क्षणभर भानावर येतं. येत असेल. पण मायला कुठला आजार होता? आबांची आठवण फार येते. गावी गेलो की दुपारी त्या कोरड्या हौदाशी जाऊन उभा राहतो. बैलाला ऐकू आली, मायला ऐकू आली... आबा, मीपण तिथंच होतो ना.