भुईगावची पांढरी डुकरं

ओतूरच्या स्टँडवर कल्याणची गाडी लागली तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. ओळखीच्या एक बाई भेटल्या. "एवढ्या सकाळी कुठं?" त्यांनी विचारलं.

"वसईला. केळीचे कंद बघायला," मी म्हणाले आणि खिडकीकडं तोंड वळवलं.

शेजारी आमचे हे बसले होते. हे म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार.  स्वतः कधी खोटं बोलायचे नाहीत, पण बायकोचं खोटं चारचौघांत उघडंही पाडायचे नाहीत.

खरं म्हणजे आम्ही डुकरं विकत घ्यायला निघालो होतो. नोकरीची बरीच वर्षं ह्यांनी आसाम-नागालँडकडं काढली. तिकडं घराघरातून डुकरं पाळलेली त्यांनी पाहिली होती आणि आपल्या माळावर असाच धंदा करायचा, हे तिथूनच मनाशी ठरवून आले होते. घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. मला तर मुळीच नाही. ज्या गावात डुकराचं नाव घेतलं तरी माणसं तोंड वाकडं करतात, तिथं मी उद्या हळदी-कुंकवाला कुठल्या तोंडानं जाणार होते? पण ह्यांच्या पलटणीतल्या एका वसईच्या दोस्तानं कळवलं की भुईगावात एका घरी अस्सल यॉर्कशायर जातीची डुकरं आहेत आणि ती माणसं आता ती काढून टाकणार आहेत. हे लगेच निघाले. मी म्हटलं, मीही येते. माझा बेत साधा होता. तिथं जाऊन काहीतरी खोट काढायची आणि ह्यांना रिकाम्या हातानं परत आणायचं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. होळी नुकतीच होऊन गेली होती. कल्याणला गाडी बदलली, भिवंडी मागं पडली आणि दुपारी वसईच्या पूर्वेला पोचलो. जिकडं तिकडं अर्धवट बांधलेल्या इमारती, रंग न दिलेल्या भिंती, बांबूंच्या परांच्या आणि रस्त्याकडेला उभे पाण्याचे टँकर. मी मनात म्हटलं, हीच का ती हिरवी वसई? मग रेल्वे ओलांडून पश्चिमेला आलो आणि देशच बदलला. रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंनी केळी, नारळ, अळूचे वाफे, मांडवावर चढलेले पडवळाचे वेल. इथं बागायतीला वाडी म्हणतात. भुईगावात उतरलो तर नाक्यावर झेंडूची माळ घातलेला क्रूस आणि त्याच्या पुढच्याच अंगणात तुळशीवृंदावन. समुद्र दिसत नव्हता, पण सुरूच्या झाडांतून त्याचा आवाज येत होता.

घर सापडलं. दारात माझ्याच वयाची एक बाई उभी होती, फुलाफुलांचा गाऊन आणि खांद्यावर पंचा. ह्या रेजिनाबाई. त्यांचे यजमान इनासभाऊ मागच्या वाडीत पाणी लावत होते. दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलायचे, ते मला निम्मंच कळायचं. आमच्याशी मात्र शाळेत शिकवावं तसं स्वच्छ मराठी.

"आत ये, बाय. पाय धू. जेवायलाच बसू या."

 ह्या लोकांच्या घरी काय वाढतील, मी कसं नाही म्हणू, हा विचार मी कल्याणपासून करत होते. रेजिनाबाईंनी माझं तोंड पाहिलं.

"आज शुक्रवार आहे. आणि आमचा उपवासाचा काळ (ईस्टरच्या आधीचे दिवस) चालू आहे. मटण नाही की मासळी नाही."

मी एवढ्या जोरात सुस्कारा सोडला की त्या हसतच सुटल्या. तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, वालाची उसळ आणि वर खोबरं. मी दोनदा भाजी मागून घेतली. खोट काढायला आलेल्या माणसानं एवढं जेवू नये.

ऊन कलल्यावर गोठ्याकडं गेलो. मी नाकाला पदर लावूनच निघाले होते. पण तिथं सिमेंटची धुतलेली जमीन होती, वर नारळाच्या झापांची सावली होती, आणि आत तीन माद्या लोळत होत्या. आमच्याकडं उकिरड्यावर फिरतं ते डुक्कर मला माहीत. ही लांबलचक, गुलाबीसर पांढरी, ताठ कानांची जनावरं मी पहिल्यांदाच पाहिली. हे वाकून एकेकीची पाठ, पाय, सड बघायला लागले.

"ही घेऊ," ह्यांनी सगळ्यांत देखणी होती तिच्यावर हात ठेवला.

"ती नाही देणार तुम्हाला," रेजिनाबाई म्हणाल्या.

"का हो?"

"हिचं आजोळ गावठी आहे. दिसायला हीच चांगली, पण पिलांत काळं उतरेल. तुम्ही जातिवंत मागायला आलात ना? मग त्या दोघी न्या. त्यांची आई पलीकडच्या खणात आहे, तीही बघून घ्या."

आणि नर? नर जवळच्या गिरीज गावात त्यांच्या नणंदेकडं होता, दुसऱ्या रक्ताचा. भाऊबहिणींची जोडी लावायची नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावलं. खोट काढायला मी आले होते आणि विकणारी बाईच आपल्या मालाची खोट सांगत होती. 

रात्री मुक्काम तिथंच केला. बोलणं असं ठरलं की उजाडायच्या आत माल चढवायचा आणि ऊन चढायच्या आत घाटाला लागायचं. पांढऱ्या डुकराला घाम येत नाही, ऊन सोसत नाही.

पण टेम्पोवाला मोहन गोखिवऱ्याहून आला तोच ऊन तापल्यावर. टपावर हात ठेवून उभा राहिला आणि गोठ्याकडं बघून म्हणाला, "काका, मला तर बकऱ्या सांगितल्या होत्या."

"बकऱ्या कोणीच सांगितल्या नव्हत्या," हे म्हणाले.

"मग मीच समजलो असेन. पण गाडी नंतर धुणार कोण?"

"मी धुईन," हे म्हणाले, आणि तो कसाबसा तयार झाला. पुढं गिरीजला नर चढेना. फळीवर अर्ध्यात बसून राहिला. शेवटी नणंदबाईंनी पिकल्या केळ्यांचा घड गाडीत ठेवला, तेव्हा स्वारी आत गेली. ह्या सगळ्यात सकाळ निघून गेली. आता दुपारभर थांबू या, संध्याकाळी निघू, असं ह्यांच्या मनात आलं होतं. मोहन म्हणाला, संध्याकाळी दुसरं भाडं आहे. निघालो.

रेल्वे ओलांडून पूर्वेला गोखिवऱ्यापर्यंत आलो आणि क्लचची वायर तुटली. सावलीचं एक झाड नव्हतं. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. मोहन आणि हे वायर शोधायला निघाले. "तू इथंच थांब, आलोच," म्हणाले.

मी रस्त्याकडेला उभी राहिले. ये-जा करणारी माणसं वाकून बघत होती. मी त्या गाडीची नव्हेच अशी जरा लांब सरकले. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला, भाता ओढावा तसा. फळीवर चढून पाहिलं. नर उभा होता, एक मादी उभी होती. दुसरी आडवी पडली होती. तोंड उघडं, कान लालभडक, कडेला फेस. बरोबर घेतलेल्या कॅनमधलं पाणी केव्हाच संपलं होतं. तिनं एक डोळा माझ्याकडं वळवला. पापण्या पांढऱ्या होत्या, माणसाच्या असतात तशा लांब. मी खाली उतरले आणि रस्ता ओलांडून पळत सुटले.

समोर बर्फाचा कारखाना होता. दारात मुकादम उभे होते, पन्नाशीचे असतील.

"दादा, पाणी द्या. बर्फ द्या थोडा. जनावर मरतंय."

"काय जनावर? गाय आहे?"

हो म्हणाले असते तर काम लगेच झालं असतं. तो शब्द ओठांवर आला होता.

"डुकरं आहेत," मी म्हणाले. "आमची आहेत."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कपाळावरचं कुंकू, हातातला हिरवा चुडा, सगळं बघितलं असेल. "आमचा बर्फ मासळीला जातो, बाई. डुकराला दिला कळलं तर कोळणी मला उभं सोलतील." मग आत वळून ओरडले, "अरे, तो खाली सांडलेला चुरा भरा पोत्यात! आणि चौघं जण या, गाडी ढकलायचीय."

एक जण आला नाही, तोंड फिरवून बसला. बाकीचे आले. त्यांनी हसत, एकमेकांना चिडवत टेम्पो ढकलून शेडच्या सावलीत लावला. रेजिनाबाईंनी निघताना लिहून दिलेला भुईगावच्या दुकानाचा नंबर मी मुकादमांच्या फोनवरून फिरवला. दुकानदारानं रेजिनाबाईंना बोलावलं.

"एकदम पाणी ओतू नको," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बर्फ अंगावर टाकू नको. ओलं फडकं कानामागं लाव, मानेवर लाव. वारा घाल. मी येते."

फडकं कुठलं आणू? पिशवीत माझं दुसरं लुगडं होतं, तेच काढलं. गाडीत चढले, तिच्या डोक्याशी बसले. लुगडं भिजवून कानामागं, मानेखाली, पायांवर ठेवायचं, गरम झालं की परत भिजवायचं. एक कामगार पुठ्ठ्यानं वारा घालत होता. जवळून तिला वास येत होता, पण तो नुसता तापलेल्या जनावराचा वास होता. आमच्या बैलालाही येतो. "ऊठ गं," मी म्हणत होते, "ऊठ गं बाई."

रेजिनाबाई रिक्षातून उतरल्या त्या घरातल्या गाऊनवरच. पायात एक चप्पल एका रंगाची, दुसरी दुसऱ्या. सरळ गाडीत चढल्या आणि समोर बसल्या.  बऱ्याच वेळानं डुकरिणीचा श्वास संथ झाला. तिनं मान उचलली, पोत्यातला बर्फ हुंगला आणि चाटायला लागली. पुठ्ठेवाला कामगार टाळ्या वाजवायला लागला.

तोवर हे वायर घेऊन आले. मला त्या अवस्थेत बघून जागच्या जागी थांबले.  मोहननं मुकाट्यानं वायर बसवली.

"आज ही नाही जायची," रेजिनाबाई म्हणाल्या. "गाडी मागं घ्या."

परत भुईगावला आलो. बावखलाच्या (गावतळ्याच्या) काठी झाडांच्या गार सावलीत तिघांना उतरवलं. इनासभाऊंनी चहा आणला. रेजिनाबाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. बावखलातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं.

"का काढताय तुम्ही ही?" मी विचारलं. "एवढा जीव आहे तर."

"पाणी कुठून आणू? पूर्वेला बिल्डिंगी झाल्या. इकडच्या विहिरींचं पाणी टँकरनं तिकडं जातं. आमची विहीर मचूळ व्हायला लागली. केळीला घालू की डुकरांना धुऊ?" मग म्हणाल्या, "त्या बिल्डिंगीतल्या माणसांनाही तहान आहेच ना. कुणाला शिव्या देऊ?"

मग ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "साहेब, दोन घेऊन जा. ही अशक्त झालीय. राहू दे माझ्याकडं."

"हिचं पुढं काय होईल?" मी विचारलं.

"पास्काच्या (ईस्टरच्या) सणाला मटणाचं गिऱ्हाईक येतं. मग मे महिन्यात लग्नं."

एवढंच म्हणून त्यांनी पाण्यात बोटं फिरवली. हे माझ्याकडं बघत होते. काल सकाळपासून मला हवी होती तीच वेळ आली होती. एक नको म्हणाले असते तर बाकीचीही नको म्हणायला वाट झाली असती.

"ऊन उतरलं की निघू," मी म्हणाले. "तिघांनाही घेऊन. मोहन, तुझ्या दुसऱ्या भाड्याचं काय?"

"ते मी भावाला सांगतो, काकू," मोहन म्हणाला. "आणि गाडीवर झापा टाकू या का? वारा लागेल, धूळ नाही लागायची." इनासभाऊंनी झापा तोडून दिल्या आणि त्यानं त्या स्वतःच बांधल्या.

निघताना रेजिनाबाईंनी मला एक जुनं लुगडं दिलं, लाल चौकड्यांचं. त्यांच्या सासूबाईंचं होतं. "तुझी तर दोन्ही खराब झाली, हेच नेस," म्हणाल्या. फाटकापर्यंत त्या आल्या नाहीत. गाडी वळली तेव्हा पाहिलं, तर त्या गोठ्यातली दोघींची रिकामी जागा धूत होत्या. इतक्या महाग झालेल्या पाण्यानं.

माळशेजचा घाट गार वाऱ्यात कधी चढलो कळलं नाही. मागं तिघंही शांत झोपली होती. जातिवंत हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि तो ऐकला की कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं यायचं. त्या बाईनं तो एका डुकरिणीसाठी वापरला, आणि तिला वाचवायला वेगळ्या रंगांच्या चपला घालून धावत आली. मी कुणासाठी कधी अशी धावले होते का, हे मी घाटभर आठवत होते.

जनावरांना विसावा देत देत घरी पोचलो तेव्हा फटफटत होतं. गाडीचा आवाज ऐकून सासूबाई ओट्यावर आल्या. माझ्या अंगावरचं ते परकं लुगडं त्यांनी पाहिलं, मागच्या झापा पाहिल्या, आतली हालचाल पाहिली.

"आधी अंघोळ कर," त्या म्हणाल्या, "मग घरात पाय ठेव."

"करते, आई. आधी ह्या तिघांना पाणी पाजते. फार लांबून आलीत."

त्या आत गेल्या. मला वाटलं, दार लागणार. पण थोड्या वेळानं त्या परत आल्या आणि शेवटच्या पायरीवर एक कळशी ठेवून गेल्या. ती घरातली नव्हती, गुरांच्या गोठ्यातली होती. पण काठोकाठ भरलेली होती.